वसईचा हिरवा पट्टा: ती लढाई नेमकी कशासाठी होती?

पूर्वेची रहिवासी विचारतात:

सर्वांना नमस्कार. आम्ही २०१२ साली परळच्या भाड्याच्या खोलीतून वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला स्वतःच्या घरात राहायला आलो. घर तळमजल्यावर आहे. जुलै २०१८ मध्ये सलग पाऊस लागला तेव्हा आमच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होते, ते तिसऱ्या दिवशी ओसरले, आणि लाकडी पलंगाच्या पायांवर त्या पाण्याची रेघ आजही स्पष्ट दिसते. मी भिंती पुसत असताना, पश्चिमेच्या गावातून आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या एक वयस्कर बाई दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "इथून आम्ही पावसाळ्यात कंबरभर पाण्यातून जायचो गं. घरं झाली म्हणून पाणी कुठे जाणार?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि मला अर्धा तास मदत केली.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत टँकरच्या खर्चावरून बोलणे निघाले. एक सभासद म्हणाले की पश्चिमेच्या गावांनी वर्षानुवर्षे विकासाला विरोध केला, म्हणून आपल्याला सोयी उशिरा मिळाल्या. दुसऱ्यांचे म्हणणे असे की त्या गावांनी विरोध केला म्हणूनच या तालुक्यात काही विहिरी गोड राहिल्या. दोघेही तावातावाने बोलत होते, पण त्या काळात नेमके काय घडले हे दोघांनाही सांगता आले नाही, आणि मलाही ठाऊक नव्हते.

ज्यांनी तो काळ पाहिला त्यांनी कृपया आपल्या आठवणी सांगाव्यात. हिरव्या पट्ट्याचा लढा नेमका कशासाठी होता? त्यातून काय वाचले, काय वाचले नाही? आणि जे आमच्यासारखे बाहेरून राहायला आले, त्यांना तेव्हा हे सगळे कसे दिसत होते?


बावखलाकाठी यांचे उत्तर:

ताई, मी पश्चिमेच्या एका गावात जन्मलो, तिथल्याच शाळेत शिकवले आणि आता निवृत्त होऊन तिथेच राहतो. आपला प्रश्न वाचल्यावर दोन दिवस विचार केला, कारण या लढ्याविषयी बाहेर जे बोलले जाते त्यात झाडे फार येतात आणि पाणी फार कमी येते. आम्हाला झाडांचे प्रेम होतेच, परंतु माणसे घराबाहेर पडली ती विहिरींसाठी.

आमची जमीन कशी आहे ते आधी सांगतो. समुद्र आणि रेल्वे यांच्या मधला हा पट्टा बहुतांशी रेताड आहे. चार महिन्यांचा पाऊस या रेतीत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडे पाणी हलके असते. शास्त्र असे सांगते की समुद्राच्या पातळीपेक्षा गोड्या पाण्याची पातळी १ फूट वर असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी टिकून राहते. याचाच उलटा अर्थ असा की वरची पातळी उपशाने १ फूट उतरवली, तर खालचे खारे पाणी ४० फूट वर सरकू पाहते. आमच्या वाडवडिलांनी हे गणित मांडले नव्हते, पण ते त्यांना हातातून कळत होते. माझे आजोबा रहाट दुपारी थांबवत आणि बैल सोडून देत. "विहिरीला श्वास घेऊ द्यावा," असे ते म्हणत.

विहिरीच्या जोडीला बावखल असे. वसईबाहेर हा शब्द फारसा कुणाला माहीत नसतो, म्हणून सांगतो. घराची जोती आणि वाडीची जमीन उंच करण्यासाठी माती हवी असे. ती जिथून काढली तिथे मोठा खड्डा होई, आणि पावसाचे पाणी साठून तो तळ्यासारखा भरे. हेच बावखल. त्यात मासे असत, त्याच्या पाण्यावर वाडी भिजे, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे त्यातले पाणी सावकाश जमिनीत झिरपून आसपासच्या विहिरी भरत राहत. उन्हाळ्यात पाणी उतरले की आम्ही मुले जुन्या लुगड्याचे पदर धरून त्यात मासे पकडत असू. या पाण्यावर केळी, नागवेल, मोगरा आणि भाजीपाला पिकत होता. राजेळी केळी सुकवून केलेली सुकेळी केळीच्याच वाळलेल्या पानात बांधून जात, आणि पहाटेच्या गाडीने आमच्या आयाबहिणी फुले-भाजी घेऊन दादरला पोहोचत.

१९७३ साली मंजूर झालेल्या मुंबई महानगर प्रदेशाच्या पहिल्या प्रादेशिक आराखड्यात आमचा भाग हिरवा, म्हणजे शेतीवाडीसाठी राखलेला होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने धोरण बदलले आणि वसई-विरारमधील मोठे क्षेत्र बांधकामासाठी खुले करण्याच्या हालचाली सुरू झाल्या. पुढे १९९० मध्ये या भागासाठी सिडको या सरकारी शहर-विकास कंपनीची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. त्या दिवसांतली एक संध्याकाळ मला अजून आठवते. कुणीतरी नकाशाची झेरॉक्स प्रत मिळवली होती आणि आमच्या ओटीवर चटईवर ती पसरली होती. मी शिक्षक, म्हणून वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. प्रस्तावित रस्ते, हद्दी, रंगांची सूची, सगळे मी समजावले. वडिलांना नकाशा वाचता येत नव्हता. ते कंदील जवळ घेऊन बराच वेळ त्या कागदावर बोट फिरवत राहिले आणि मग त्यांनी विचारले, "यात आपली विहीर कुठे आहे?" मी शोधले. विहीर नव्हती. गावातले एकही बावखल त्या कागदावर नव्हते. तोपर्यंत मला नियोजनाविषयी काही मत नव्हते; त्या प्रश्नानंतर झाले.

हरित वसई संरक्षण समिती याच काळात उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते, आणि पुढे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर म्हणून जग त्यांना ओळखत असले, तरी आम्हाला ते रात्री नऊ वाजता कुणाच्याही अंगणात बसून सातबारा आणि पाण्याची पातळी यांवर बोलणारे म्हणून आठवतात. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. बैठका चर्चच्या आवारात होत तशा देवळाच्या सभामंडपातही होत. सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, आगरी, कोळी अशी सगळी माणसे दिवसभराचे काम आटोपून येत, बायका मागच्या बाजूला बसत आणि पाण्याचा विषय निघाला की त्याच पुढे येऊन बोलत, कारण मचूळ झालेल्या पाण्यात डाळ शिजत नाही हे पुरुषांना उशिरा कळले होते.

पाणी मचूळ झाले ते टँकरमुळे. स्थानकाजवळ इमारती उभ्या राहिल्या, नळाचे पाणी नव्हते, आणि मग आमच्या विहिरींवर पंप बसले. दिवसरात्र उपसा चाले. आमच्या शेजारच्या वाडीतील विहिरीवरून सूर्य उगवण्याआधी सात-आठ टँकर भरून गेलेले मी स्वतः मोजले आहेत. दोन उन्हाळ्यांत आमच्या नागवेलीच्या पानांच्या कडा करपल्या. तिसऱ्या उन्हाळ्यात आईने चहा ओतून दिला आणि म्हणाली, "मी मीठ घातलेले नाही."

इथे एक गोष्ट लपवणे बरोबर होणार नाही. टँकर बाहेरच्यांचे असतील, विहिरी आमच्याच होत्या. पाणी विकणारे आमचेच भाऊबंद होते. माझ्या सख्ख्या काकांनी पाणी विकले, आणि ज्या रात्री गावाने रस्त्यावर बसून टँकर अडवले त्या रात्री त्यांचाच टँकर पहिला होता. वडील रस्त्यावर बसलेले, काका गाडीजवळ उभे. त्यानंतर दहा वर्षे दोन घरांत बोलणे नव्हते. काकांचीही बाजू होती. केळीला भाव उरला नव्हता, मुलीचे लग्न होते, आणि पाण्याला रोख पैसा मिळत होता. जमिनी विकणाऱ्यांचेही तेच. म्हणून "गाव विरुद्ध बिल्डर" अशी सरळ रेघ कुणी ओढली की मला ती पटत नाही.

पुढचा टप्पा ३ जुलै २००९ रोजी आला, जेव्हा वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. आमच्या गावांना ग्रामपंचायत हवी होती. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत या प्रश्नावर विवेक पंडित निवडून आले, मोठे आंदोलन झाले, आणि ३१ मे २०११ रोजी सरकारने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले. आमच्या गावात या काळात जन्मलेली मुले आता वयात येऊ लागली आहेत. २०१६ मध्ये पुढच्या २० वर्षांचा प्रादेशिक आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा वसईतून पुन्हा हजारो हरकती गेल्या. मीही ४० हरकती लिहून दिल्या, ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांच्या.

काय वाचले? पश्चिमेचा बराचसा भाग अजून वाडीचाच आहे आणि पुष्कळ विहिरी गोड आहेत. काय वाचले नाही? बावखले. ती भरून टाकणारे बहुतेक वेळा घरचेच होते. मुलांसाठी दुसरे घर बांधायला जागा हवी, आणि डास होतात म्हणून तक्रारही होती. माझ्या लहानपणी आमच्या आळीत पाच होती. आता एक आहे.


माणिकपूर १९८५ यांचे उत्तर:

सरांचे उत्तर वाचून मलाही लिहावेसे वाटले, कारण त्या टँकरच्या दुसऱ्या टोकाला मी उभा होतो.

माझे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि आमच्या घरात पुन्हा पगार आला नाही. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसे होतो. वडिलांनी गावची थोडी जमीन आणि आईच्या पाटल्या विकून १९८५ मध्ये माणिकपूरला एक खोली आणि स्वयंपाकघर घेतले. आमच्यासारखी शेकडो कुटुंबे तेव्हा वसई, नालासोपारा आणि विरारकडे आली, कारण मुंबईत आमच्या ऐपतीचे घर कुठेच नव्हते, आणि इथे दोन तासांच्या प्रवासाच्या मोबदल्यात स्वतःच्या नावाचा दरवाजा मिळत होता. ज्यांनी घर विकले त्यांनी "सहा महिन्यांत नळ येईल" असे सांगितले होते. नळ सात वर्षांनी आला, आणि तोही एक दिवसाआड.

टँकर यायचा त्या दिवशी इमारतीत कुणी कामाला जात नसे, निदान घरातले एक माणूस तरी मागे राहत असे. रबरी नळी आधी कोणाच्या पिंपात पडणार यावरून मी मोठमोठ्या माणसांना रडकुंडीला आलेले पाहिले आहे. एकदा आईने बादली घरात आणून ठेवली आणि मला हाक मारली. बादलीत एक इवलासा मासा फिरत होता, गप्पी मासा. डासांच्या अळ्या खाण्यासाठी लोक विहिरीत गप्पी मासे सोडतात हे आम्हाला शाळेत शिकवले होते. तोपर्यंत पाणी कुठून येते याचा विचार मी केला नव्हता. त्या माशाने मला ते सांगितले. हे पाणी कुणाच्या तरी अंगणातल्या विहिरीचे होते, आणि त्या विहिरीला कुणीतरी जपलेले होते. आईने तो मासा बरणीत ठेवला. तो तीन आठवडे जगला.

म्हणून सोसायटीतील जे सभासद म्हणतात की गावांनी विरोध केल्यामुळे सोयी उशिरा आल्या, त्यांना मी नम्रपणे सांगेन की आमच्या सोयी उशिरा आल्या त्याचे कारण घरे आधी आणि पाणी, गटारे, रस्ते नंतर, असा क्रम लागला हे होते. गावांनी टँकर अडवले तेव्हा आमच्याकडे चार दिवस पाणी नव्हते आणि आम्हाला त्यांचा राग आला, हे खरे आहे. माझा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता आणि आई शेजारणीकडून तांब्याने पाणी मागून आणत होती. त्या रागात आम्ही नगरपालिकेवर मोर्चा नेला. पण तिथे गेल्यावर आमच्या मागण्या आणि गावांच्या मागण्या शेजारी ठेवल्या तर दोन्हीकडे पहिले वाक्य एकच होते, की नळाने पाणी द्या. दुर्दैवाने तेव्हा त्या दोन मोर्चांना कुणी एकत्र बसवले नाही, आणि मला वाटते की ज्यांना दोघांपासूनही फायदा होत होता त्यांना ते नकोच होते.


उतार आणि ओहोटी यांचे उत्तर:

मी पाटबंधाऱ्यांच्या कामात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर विरारला राहतो. वरील दोन्ही उत्तरांबद्दल आदर ठेवून एक मुद्दा मांडतो, जो सरांना कदाचित आवडणार नाही.

पूर्वेच्या ताईंच्या घरात पाणी का शिरले, हा प्रश्न या सगळ्यात मागे पडला आहे. वसई-विरारचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर. डोंगरावर पडलेले पाणी पश्चिमेकडे उतरते, आणि वाटेत रेल्वेचा भराव आडवा आहे. त्या भरावाखालच्या मोऱ्यांतूनच त्याला पुढे जाता येते. पूर्वी हे पाणी भातखाचरांत, खाजणांत (भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाऱ्या दलदलींत) आणि मिठागरांत पसरून थांबत असे आणि ओहोटी लागली की खाड्यांतून निघून जात असे. ती खाचरे म्हणजे नुसती शेती नव्हती, भरती उतरेपर्यंत पाण्याने वाट पाहण्याची ती जागा होती. तिथे पाच-सहा फूट मातीचा भराव टाकून इमारती झाल्या. मग पुढच्याने सात फूट भराव टाकला, आणि आधीच्याचे तळमजले खड्ड्यात गेले. ताईंच्या इमारतीशेजारी २०१२ नंतर नवी इमारत झाली असेल तर तिचे जोते आपल्या जोत्यापेक्षा किती उंच आहे ते पाहावे.

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या आणि वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसे अडकली. त्यानंतर महापालिकेने नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांकडून अभ्यास करून घेतला, आणि त्यांनी धारण तलाव सुचवले, म्हणजे पावसाचे पाणी काही तास थोपवून ठेवणारे मोठे तलाव. सरांच्या बावखलाचाच हा मोठा भाऊ आहे. जे एकेकाळी आळीआळीत होते ते आता कोट्यवधी रुपये खर्चून बांधायचे आहे.

आता माझा मुद्दा. पश्चिमेच्या गावांजवळ संघटना होती, चर्च आणि मंदिरांची आवारे होती, शिक्षक होते, हरकती लिहिणारे हात होते. पूर्वेच्या भातखाचरांच्या आणि खाजणांच्या बाजूने बोलणारे तेवढे कुणी नव्हते. पश्चिमेने दार लावून घेतले, आणि मुंबईहून येणारी माणसे तर थांबणार नव्हती. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली. तो सगळा भार सखल पूर्वेने घेतला. सरांच्या लढ्याला मी दोष देत नाही. परंतु लढा फक्त "आमचा पट्टा" एवढाच राहिला, संपूर्ण खोऱ्याचे पाणी कसे वाहते हा त्याचा विषय झाला नाही, ही उणीव मला वाटते.

आणि हीच गोष्ट आणखी एक पाऊल पुढे जाते. आज आपल्या नळाला जे पाणी येते त्यातले बरेचसे सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचे आहे. सूर्या प्रकल्प मुळात डहाणू, पालघर आणि विक्रमगड या भागांतील, मुख्यतः आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी आखला गेला. प्रादेशिक योजनेतून दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी उचलायचे आहे, १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. वसई-विरारचा वाटा २०२३ च्या अखेरीस मिळू लागला, आणि त्याआधीही सूर्याचे पाणी येत होतेच. तिथल्या शेतकऱ्यांनी याला विरोध केला. त्यांचे म्हणणे सरांच्या वडिलांच्या प्रश्नापेक्षा वेगळे नाही. मी नोकरीच्या काळात त्या कालव्यांवर फिरलो आहे. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला उन्हाळी भाताचे पाणी मिळेल की नाही हे तो दर वर्षी मार्चमध्ये विचारायला येत असे, आणि त्याला ठाम उत्तर देणे मला जमत नसे.


बावखलाकाठी यांचे उत्तर:

आपला मुद्दा मला आवडला नाही असे नाही, तो लागला, कारण तो खरा आहे. १९९० च्या आसपासच्या बैठकांत पूर्वेच्या जमिनींचा उल्लेख झालेला मला आठवतो, पण "ती खाचरे, तिथे काय पिकते" अशा शब्दांत. आमच्यातल्या कुणालाही तेव्हा हे सुचले नाही की त्या खाचरांत पिकणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ओसरण्यासाठी थांबलेले पाणी होती. सूर्याच्या शेतकऱ्यांच्या बाबतीत तर आम्ही आणखी उशिरा जागे झालो. "गावाचे पाणी गावाला" ही आमची घोषणा होती, आणि ती त्यांचीही असू शकते हे आम्ही लक्षात घ्यायला हवे होते.

माणिकपूरच्या भाऊंनी तापलेल्या भावाचे लिहिले ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. त्या चार दिवसांत आम्ही रस्त्यावर होतो आणि जिंकल्याच्या आनंदात होतो.


पूर्वेची रहिवासी लिहितात:

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, मी खूप आभारी आहे. शेजारच्या नव्या इमारतीचे जोते आज टेपने मोजले. आमच्यापेक्षा ३ फूट ४ इंच उंच आहे. हा आकडा मी सोसायटीच्या वहीत लिहून ठेवला आहे.

एक व्यावहारिक प्रश्न विचारते. आमच्या आवारात वाहने उभी करण्याच्या जागेखाली एक जुनी विहीर आहे, असे वॉचमन काका सांगतात. वर सिमेंटची लादी टाकलेली आहे आणि झाकण गंजून बसले आहे. इमारत होण्यापूर्वी ती एका शेतकऱ्याची होती. टँकरचा खर्च कमी करण्यासाठी ती उघडावी असे काहींना वाटते. उघडावी का, आणि उघडली तर कशी वापरावी?


उतार आणि ओहोटी यांचे उत्तर:

उघडावी, पण माणूस लगेच आत उतरवू नये. वर्षानुवर्षे बंद असलेल्या विहिरीत विषारी वायू साठलेला असू शकतो आणि गाळ काढायला उतरलेली माणसे त्यात दगावतात. झाकण काढून ती काही दिवस उघडी ठेवावी, वर जाळी घालावी, आणि उतरण्याआधी आतली हवा तपासून देणारा जाणकार बोलवावा. आपल्या सांडपाण्याच्या टाकीपासून ती किती अंतरावर आहे हेही पाहावे. पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय पिऊ नये. फ्लश, झाडे आणि फरशी यांसाठी ते चालेल, आणि टँकरचा मोठा खर्च त्यातच असतो. गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून तिच्यात सोडण्याची सोय केल्यास आपण जेवढे काढाल त्यातले काही परत जाईल.


बावखलाकाठी यांचे उत्तर:

यात माझी भर एवढीच. पंप लहान बसवा, आणि दुपारी चार तास तो बंद ठेवा. विहिरीच्या आतल्या बाजूला, काठापासून दर फुटावर रंगाने खूण करा, म्हणजे पातळी रोज डोळ्यांना दिसेल; एप्रिलमध्ये ती कुठवर उतरते ते लिहून ठेवा. त्या शेतकऱ्याचे घर अजून जवळपास असेल तर त्यांच्याकडे जाऊन विचारा की विहीर किती परस (एक परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढी उंची) खोल आहे आणि झरा कोणत्या बाजूला आहे. ज्यांनी ती खणली त्यांच्या घरात हे कुणाला तरी ठाऊक असतेच. गाळ काढायचा असेल तर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात काढा. त्या सुमारास मी आमच्याकडे राहिलेल्या एका बावखलाचा गाळ काढण्यासाठी दोन माणसे बोलावतो. आपली हरकत नसेल तर त्यांना एक दिवस आपल्याकडे पाठवतो, आणि मीही त्यांच्याबरोबर येतो.